महाविद्यालयीन विद्यार्थी आणि राखीव सैन्य : सहीपूर्वीचा विचार



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली अक्षरे गिरवलेली पिढी आज सत्तरीपलीकडे गेली आहे. त्या पिढीतला एक म्हणून शाळेने मला बोलावले, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर अथवा व्याकरणावर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविकच. तथापि गेली तीन-चार वर्षे पांढुर्णा-सौंसरकडची मुले माझ्याकडे येतात ती अभंगाचा अर्थ विचारायला नव्हे. ती विचारतात, "सर, फॉर्म भरू का?" फॉर्म सैन्याचा असतो आणि विचारणारा बी.ए.च्या किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असतो. मागे उभी असलेली आई म्हणते, "गुरुजी, याले समजवा जी. डिग्री पुरी करू दे, मंग जाय म्हणा." आणि मुलगा हळूच पुस्ती जोडतो, "सर, राखीवमध्ये गेलो तर कॉलेजही चालूच राहते ना?"

या शेवटच्या वाक्यात सगळा घोटाळा आहे. त्यामुळे आजचा विषय भाषेपासून फार दूरचा आहे, असे मला वाटत नाही. एक शब्द चार वेगळ्या गोष्टींना चिकटला आणि त्यातल्या कोणत्या गोष्टीवर आपण सही करीत आहोत हे सही करणाऱ्यालाच ठाऊक नसले, की आयुष्याची चार-सहा वर्षे इकडची तिकडे होतात.

'राखीव' हा आपल्या नित्याच्या परिचयाचा शब्द. राखीव जंगल, राखीव जागा, राखीव डबा. गरजेच्या वेळेसाठी बाजूला ठेवलेले ते राखीव. सैन्याच्या बाबतीत मात्र त्याचा मूळ अर्थ नेमका आहे. पूर्ण वेळची नोकरी संपवून जो सैनिक घरी गेला, पण ठरावीक काळापर्यंत ज्याला परत बोलावता येते, तो राखीव सैनिक. ही व्यवस्था आपल्याकडे आहे. परंतु ती नोकरी झालेल्यांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी नाही. दुसरी व्यवस्था प्रादेशिक सेनेची, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची. तिसरी राष्ट्रीय छात्र सेना, आपली एन.सी.सी. आणि २०२२ सालापासून चौथी, अग्निपथ. मुलांच्या बोलण्यात या चारही गोष्टी एकाच पोत्यात पडलेल्या असतात.

मग 'शिकता शिकता राखीव सैनिक' ही कल्पना मुलांपर्यंत आली कुठून? बहुधा चित्रपटांतून आणि परदेशी गेलेल्या नातेवाइकांच्या गप्पांतून. अमेरिकेत ती खरोखरच आहे. तेथे महाविद्यालयीन मुलगा नॅशनल गार्ड किंवा आर्मी रिझर्व्हमध्ये नाव घालतो. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे कवायत, त्या बदल्यात शिक्षणाच्या खर्चाला हातभार. ऐकायला सौदा गोड वाटतो. परंतु त्या सहीने साधारणपणे एकूण आठ वर्षांचे बंधन येते. २००१ नंतर अफगाणिस्तान आणि इराकच्या युद्धांत हजारो अर्धवेळ सैनिकांना पूर्ण वेळ बोलावणे आले, तेव्हा कित्येकांना चालू सत्र सोडून जावे लागले. सिंगापूरला स्थायिक झालेल्या आपल्या काही मराठी कुटुंबांचा अनुभव निराळा. तेथे नागरिकांच्या, तसेच आईवडिलांमुळे कायम रहिवासी झालेल्यांच्या मुलांना अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षे सक्तीची सेवा करावी लागते आणि विद्यापीठ बहुधा त्यानंतर. पुढे पुष्कळ वर्षे राखीव दलाचे बोलावणे येत राहते. तेथे मुलाने 'ठरवायचे' असे फारसे काही उरत नाही. आईवडिलांनी मात्र ते रहिवास घेतानाच ठरवलेले असते.

आपल्या देशातले उत्तर थोडक्यात सांगायचे तर, महाविद्यालयात शिकता शिकता राखीव सैन्यात जाण्याचा रस्ता आज जवळजवळ नाही. एके काळी त्याच्या जवळपास जाणारी एक वाट होती. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, विद्यापीठांतून विद्यार्थ्यांच्या सैनिकी तुकड्या उभ्या राहिल्या. १९२० च्या कायद्यानंतर त्यांना युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअरचे रूप आले आणि १९४२ मध्ये त्यांचे नाव युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर असे झाले. सुभाषचंद्र बोस कलकत्त्याला विद्यार्थी असताना अशाच तुकडीत दाखल झाले होते. त्याआधी बंगाली पलटणीत जाण्याचा त्यांचा प्रयत्न दृष्टी अधू म्हणून फसला होता. परक्या सरकारची बंदूक खांद्यावर घ्यावी की नाही, हा त्या पिढीपुढचा प्रश्न आजच्यापेक्षा पुष्कळ अवघड होता. तुमच्यापुढे निदान तो नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून १९४८ साली राष्ट्रीय छात्र सेनेचा कायदा झाला. मुलींचा विभाग १९४९ पासून सुरू झाला. या कायद्यातली एक गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी : छात्रावर प्रत्यक्ष सैनिकी सेवेचे कोणतेही बंधन येत नाही. युद्ध पेटले म्हणून छात्राला सीमेवर पाठवीत नाहीत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात छात्रांनी नागरी संरक्षणाची कामे केली, मे २०२५ मध्येही त्यांना त्या कामासाठी पुढे बोलावले गेले. पण ते लढवय्ये म्हणून नव्हे. म्हणून मुलगा एन.सी.सी.त गेला म्हणजे 'गेलाच' असे समजून डोळे टिपणाऱ्या मातांना मी नेहमी सांगतो की, बाई, तो अजून तुमचाच आहे.

येथे थोडे माझे सांगतो. चीनशी १९६२ साली झालेल्या युद्धानंतर १९६३ पासून महाविद्यालयांत एन.सी.सी. सक्तीची झाली. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव दिल्लीला गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे सर्वत्र म्हटले गेले. आमच्याकडे सातपुडाच होता, आणि त्याला कोणी बोलावले नव्हते, तरी त्याची मुले मैदानावर उभी होती. मी नागपूरला शिकायला गेलो १९६६ मध्ये. पांढुर्ण्याची मुले दिल्ली-मद्रासच्या मुख्य लोहमार्गाने येत. सौंसरची मुले छिंदवाड्याच्या अरुंद गाडीने, रमतगमत. पहाटेच्या कवायतीला दोघेही सारखेच पेंगुळलेले असत. आज्ञा हिंदीत असत, 'सावधान', 'विश्राम', 'पीछे मुड़'. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी अशा मुलखातून आलेल्या आम्हांला त्यांचे काही वाटत नसे. पुण्याकडून आलेले एक-दोन सहाध्यायी मात्र पहिले काही दिवस डाव्याऐवजी उजवीकडे वळत.

त्या सक्तीने आम्हांला काय दिले? ज्यांना आवड होती त्यांना पुष्कळ दिले. ज्यांना नव्हती, त्यांनी हजेरी दिली. काहींनी दुसऱ्याच्या नावाचीही दिली. शे-दीडशे मुलांमागे बंदुका मोजक्या, शिकवणारे हवालदार त्याहून मोजके. १९६८ मध्ये सक्ती उठली आणि मैदानावरची गर्दी एका सत्रात ओसरली. उरले ते मात्र मनापासून उरले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय सेवा योजना आली आणि कवायतीऐवजी खेड्यात जाऊन श्रमदान करण्याचा पर्याय मिळाला. लादलेले सैनिकी शिक्षण हजेरीपटावरच राहते, हे माझे मत त्या दोन वर्षांत बनले. आज कोणी पुन्हा सक्तीची भाषा करतो तेव्हा मला तो हजेरीपट आठवतो.

आता प्रादेशिक सेना. हिचाही कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. १८१७ साली आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली ती तेथेच. आज त्या किल्ल्यात प्रादेशिक सेनेचीच एक बटालियन आहे. म्हणजे आपल्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर ही गोष्ट नांदते आहे, आणि तरीही तिच्याविषयी सर्वांत कमी माहिती आपल्यालाच.

प्रादेशिक सेना म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी मी आपल्या बखरींतला एक शब्द उसना घेतो. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन येई तो शिलेदार. आठ महिने मुलूखगिरी, चार महिने छावणी हा रिवाज. प्रादेशिक सेनेचा माणूस हा काहीसा शिलेदारासारखा आहे. आज तो घोडा आणीत नाही. तो आपली उपजीविका आणतो. त्या सेनेचा पाया असा, की माणसाला स्वतःचा पोटापाण्याचा उद्योग असावा, वर्षातला काही काळ त्याने गणवेश घालावा आणि देशाला गरज पडली तर पूर्ण वेळ हजर व्हावे. अधिकारी होण्यासाठी म्हणूनच दोन गोष्टी लागतात, पदवी आणि कमाईचे साधन. वय अठरा ते बेचाळीस. दरवर्षी साधारण दोन महिने प्रशिक्षण. सैनिक सेवेवर असताना त्याची मूळ नोकरी जाऊ नये, यासाठी मालकाने त्याला परत घ्यावे अशी कायद्यात तरतूद आहे.

यावरून लक्षात येईल की, दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलासाठी हा दरवाजा अजून उघडलेलाच नाही. पदवी हवी आणि पोटापाण्याचा उद्योगही हवा. प्रादेशिक सेना ही नोकरी नव्हे, हे तिचे अधिकारी स्वतःच सांगतात. आपली मुले मात्र तिच्या भरतीला नोकरी समजून जातात. एखाद्या क्रिकेटपटूला त्या सेनेत मानद पद मिळाल्याचे छायाचित्र पाहून ती सेना म्हणजे शोभेचे काम, असाही समज पसरला आहे. तसे नाही. ६ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना पाचारण करण्याचे अधिकार देणारा आदेश काढला आणि त्यात ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ बटालियनांचा उल्लेख होता. मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंत. दुकान, शेत, शिकवणी वर्ग चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या आदेशाचा अर्थ काय, ते पाहा. बोलावणे आले तर गल्ला बंद. संत्र्याचा आंबिया बहार तोडायला आला आहे आणि माणूस जम्मूत आहे. ही जोखीम नव्हे, हा त्या कराराचा गाभाच आहे. ज्याला तो मान्य आहे त्याने अवश्य जावे. माझ्या मते ती अत्यंत सन्मानाची सेवा आहे. पण घराला दुसरा कर्ता हात आहे का, हे आधी पाहावे.

राहिला अग्निपथ. खरी ओढ आज तिकडेच आहे, आणि खरा पेचही तेथेच आहे. कारण ही अर्धवेळ गोष्ट नाही. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या योजनेप्रमाणे साडेसतरा ते एकवीस हे वय, म्हणजे नेमके महाविद्यालयाचे वय. त्या पहिल्या भरतीपुरते ते तेवीसपर्यंत वाढवले होते. सेवा चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले एकवीस हजार हातात आणि नऊ हजार निधीत. तेवढेच सरकार घालणार. चार वर्षांअखेरी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये. जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुले पुढे कायम होणार. बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी दहा टक्के जागा राखण्याचे जाहीर झाले. सेवेत असतानाच मुक्त विद्यापीठाची पदवी घेण्याची सोय इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठामार्फत केली गेली; तिच्यात निम्मे श्रेयांक सैनिकी प्रशिक्षणाचे धरले जातात.

हा व्यवहार अगदी नवा आहे, असेही नाही. १९६२ नंतर कित्येक सुशिक्षित तरुणांनी आणीबाणीची कमिशने घेतली. काही वर्षांनी त्यांतल्या बऱ्याच जणांना मुक्त करण्यात आले आणि त्यांच्यासाठी केंद्रीय सेवांत जागा राखल्या गेल्या. ज्यांची पदवी आधी झाली होती ते त्या जागांच्या परीक्षेला बसू शकले. पदवीचा हा उपयोग मी मुलांना मुद्दाम सांगतो. पंचविशीच्या आत गणवेश उतरला तर हातात काय असेल, हा प्रश्न विसाव्या वर्षी विचारायचा असतो.

काही मित्र यावर म्हणतात, "तुम्ही मुलांना भित्रे करता." पांढुर्ण्याच्या मुलांना भित्रे करणे कोणाला साधले आहे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जी गोटमार होते, ती पाहिलेल्या माणसाने आपल्या मुलांच्या धाडसाची चिंता करू नये. डोके फुटले तर पट्टी बांधून पुन्हा पात्रात उतरणारी ही मुले. तेथे नसते ती शिस्त. सैन्याला धाडसाइतकीच शिस्त हवी असते, आणि शिस्त म्हणजे काय याची चव एन.सी.सी.त एका शिबिरात कळते. दहा दिवस पहाटे उठणे, ताट स्वतः घासणे, रागावलेल्या सुभेदारापुढे उलट न बोलणे. ज्याला हे दहा दिवस असह्य झाले त्याला पुढची चार वर्षे कशी जातील, याचा अंदाज घरबसल्या मिळतो, आणि तोही कोणत्याही बंधनावाचून.

म्हणून मला विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी छात्र सेनेकडे वळवतो. 'बी' प्रमाणपत्र साधारण दुसऱ्या वर्षी, 'सी' तिसऱ्या वर्षी. दोन्हींसाठी कवायतीची पंचाहत्तर टक्के हजेरी आणि शिबिर आवश्यक. 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत आणि पदवीला पन्नास टक्के गुण असतील, तर लेखी परीक्षा न देता निवड मंडळाच्या मुलाखतीपर्यंत जाण्याची खास वाट आहे. ती मुलींनाही आहे. सैनिक म्हणून जायचे असेल, तरी या प्रमाणपत्राचा भरतीत फायदा मिळत आला आहे. अडचण एवढीच, की प्रत्येक महाविद्यालयात तुकडी नाही आणि जागा मर्यादित असतात. प्रवेश घेतानाच चौकशी करावी. नंतर विचारले तर 'पुढच्या वर्षी या' हे उत्तर ठरलेले.

मात्र सगळ्यांना एकच उत्तर मी देत नाही. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे आणि ज्याच्या पदवीची फी उधारीवर भरली गेली आहे, त्याला 'आधी पदवी पूर्ण कर' असे सांगणे मला निवृत्तिवेतन मिळते म्हणून सोपे जाते. त्याच्यासाठी महिना एकवीस हजार ही फार मोठी रक्कम आहे. तो गेला तर शहाणपणानेच गेला, असे मी म्हणतो. फक्त मुक्त विद्यापीठाचा अर्ज पहिल्याच वर्षी भर आणि निधीचे पैसे ट्रॅक्टरच्या पहिल्या हप्त्यात घालू नकोस, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतो.

आपल्या मुलखापुरती एक बारीक, पण महत्त्वाची गोष्ट. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपले दोन्ही तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. आपली मुले मात्र आजही नागपूरला शिकतात. सैन्यभरती मूळ रहिवासावरून होते, शिकण्याच्या गावावरून नव्हे. नागपूरच्या वसतिगृहातला मुलगा मित्रांबरोबर महाराष्ट्राच्या मेळाव्याला जातो आणि कागद पाहताच परत पाठवला जातो, हे मी ऐकले आहे. रहिवासाचा दाखला, गुणपत्रिका आणि आधार यांवरचे नाव एकाच पद्धतीने लिहिलेले असावे. आपल्याकडे एका कागदावर मराठी वळणाचे आणि दुसऱ्यावर हिंदी वळणाचे नाव असते. एका वेलांटीपायी भरती हुकू शकते. आयुष्यभर शुद्धलेखन शिकवले, त्याचा असाही उपयोग होईल असे वाटले नव्हते.

अठरा वर्षांखालील मुलाच्या अग्निपथच्या अर्जावर आईवडिलांचीही सही लागते. ती सही करण्यापूर्वी वडिलांनी अर्ज मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा, हिंदीतला असला तरी. किती वर्षे, मध्येच सोडता येते का, अपंगत्व आले तर काय, परत आल्यावर काय, या चार जागी थांबावे. अग्निपथात स्वेच्छेने मध्येच बाहेर पडता येत नाही, अपवाद फार थोडे. सेवेत मृत्यू आल्यास अठ्ठेचाळीस लाखांचे विमासंरक्षण आहे. हे आकडे घरात उच्चारणे अभद्र मानले जाते. मागच्या हिवाळ्यात एका घरी मी ते मोठ्याने वाचले, तेव्हा आजी उठून आत गेली. थोड्या वेळाने परत येऊन बसली आणि म्हणाली, "पुढचं वाचा जी."